मुखातील श्वेत कवक : थ्रश या रोगाच्या कारणविचाराचा इतिहास

१

रोगांच्या इतिहासात महामाऱ्यांना नेहमीच अग्रस्थान मिळत आले आहे. प्लेग, पटकी, देवी यांनी गावे ओस पाडली, सैन्ये परत फिरविली. साहजिकच इतिहासकारांची दृष्टी त्यांच्याकडे प्रथम वळली. तान्ह्या मुलाच्या जिभेवर दिसणाऱ्या पांढऱ्या थराला असा मान मिळण्याचे कारण नाही. तो बहुधा थोड्या दिवसांत जातो, त्याचे स्मरणही राहत नाही. तथापि रोगाचे ‘कारण’ म्हणजे काय, या वैद्यकशास्त्रातील मूलभूत प्रश्नाचा विकास पाहावयाचा असेल, तर या क्षुल्लक वाटणाऱ्या रोगाइतका बोधप्रद विषय दुसरा क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने त्याचा आढावा घेण्याचे योजिले आहे.

या रोगास वैद्यकात ‘थ्रश’ असे म्हणतात. जीभ, गालांची आतील बाजू, टाळू व हिरड्या यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके उमटतात आणि पुढे एकमेकांत मिसळून त्यांचा थर होतो. आई प्रथम ते दूधच समजते. परंतु दुधाचा अंश ओल्या फडक्याने सहज पुसला जातो. हा थर चिकटून राहतो, आणि खरवडून काढलाच तर खाली लालभडक, क्वचित रक्ताळलेली त्वचा दिसते. मूल अंगावर पिताना रडते, कधी पिणेच सोडते. आपल्या घरांत याला बहुधा ‘तोंड आले’ एवढेच म्हटले जाते. पण तोंड येण्याचे प्रकार अनेक असून त्यांतील हा एकच प्रकार कवकजन्य, म्हणजे बुरशीपासून होणारा, आहे. ज्या कवकामुळे तो होतो त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘कॅन्डिडा आल्बिकान्स’ असे आहे.

या कवकाचा एक विशेष आरंभीच सांगून ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्याभोवती फिरतो. हे कवक निरोगी माणसाच्या तोंडातही असते. प्रौढांपैकी निदान तिसऱ्या हिश्श्याच्या तोंडात ते कोणतीही बाधा न करता नांदत असते. मग ते एकाच्या तोंडात मुकाट्याने राहते आणि दुसऱ्याच्या तोंडात थर धरते, हे का? बी तेच असताना एका शेतात रान माजते व दुसऱ्यात माजत नाही, तेव्हा शेतकरी जमिनीकडे पाहतो. वैद्यकास मात्र बीजावरून क्षेत्राकडे वळून पाहण्यास बराच काळ लागला. आणि त्या विलंबाची किंमत काही ठिकाणी मुलांच्या प्राणांनी मोजावी लागली.

२

प्राचीन ग्रीक वैद्यकात ‘आफ्थाय’ हा शब्द तोंडातील पांढुरक्या व्रणांसाठी येतो. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील ‘सूत्रे’ या भागात तान्ह्या मुलांच्या विकारांची जी यादी आहे, तीत ओकारी, खोकला, निद्रानाश, बेंबीची सूज यांच्या जोडीने या विकाराचाही निर्देश आढळतो. त्याच संग्रहातील ‘साथी’ या ग्रंथात गंभीर आजाराने गांजलेल्या रोग्यांच्या तोंडाची अशी अवस्था झाल्याचे नमूद आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने हे व्रण मोठ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक घातक असल्याचे सांगितले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, हा विकार कोणाला होतो हे प्राचीनांनी अचूक टिपले होते : नुकतेच जन्मलेले मूल आणि आजाराने खंगलेला माणूस. दुसरी, ‘आफ्थाय’ या एका शब्दात आज आपण वेगळे मानतो असे अनेक विकार एकत्र आले होते. सूक्ष्मदर्शकाच्या अभावी त्यांचा भेद करणे शक्यच नव्हते.

हीच सावधगिरी आपल्या ग्रंथांविषयीही बाळगावयास हवी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ दिली असून ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशी सात अधिष्ठाने मानली आहेत. संपूर्ण मुख व्यापणाऱ्या ‘सर्वसर’ विकारांचे दोषपरत्वे वर्णन तेथे येते, आणि ‘मुखपाक’ ही संज्ञा पुढे याच अर्थाने रूढ झाली. वाग्भटाने ही संख्या ७५ पर्यंत नेली. यांपैकी अमुक एक म्हणजेच आजचा थ्रश, असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु तो टाळलेला बरा. त्या वर्गीकरणाचा पाया दोषविचार हा आहे. आजच्या वर्गीकरणाचा पाया रोगकारक जीव हा आहे. दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची बेरीज होत नाही. मात्र रोगाचा विचार करताना रोग्याच्या प्रकृतीचा विचार अगोदर करावा, ही जी दृष्टी त्या परंपरेत आहे, तिचे महत्त्व या लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

३

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग युरोपात एकाएकी चर्चेचा विषय झाला. त्याचे कारण रोगात नव्हे, संस्थांत शोधावे लागते. पॅरिस, स्टॉकहोम यांसारख्या शहरांत टाकून दिलेल्या मुलांसाठी मोठी अनाथालये चालत होती. एकेका दालनात अनेक अर्भके, दाया अपुऱ्या, आईचे दूध नाही, आणि एकाच भांड्यातून अनेकांना पाजलेले पातळ खाद्य, अशी तेथील स्थिती असे. अशा ठिकाणी पांढऱ्या थराचा हा विकार झपाट्याने पसरे, आणि तो झालेली मुले मोठ्या संख्येने दगावत. इ. स. १७८६ मध्ये फ्रान्सच्या राजकीय वैद्यक मंडळाने या रोगावरील निबंधासाठी पारितोषिक जाहीर केले, यावरून त्याची धास्ती किती होती याची कल्पना येते.

फ्रेंचांनी या रोगास दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. ‘म्यूगे’ हे त्यांतील मुख्य नाव म्हणजे घंटेच्या आकाराच्या बारीक पांढऱ्या फुलांच्या एका रानवनस्पतीचे नाव होय. दुसरे नाव ‘मिये’, म्हणजे बारीक भरड धान्याचा दाणा. तिसरे ‘ब्लांशे’, म्हणजे केवळ पांढरे. फूल, दाणा आणि रंग, या तिन्ही नावांनी डोळ्यांस जे दिसले तेवढेच टिपले. त्यापलीकडे काय आहे हे कोणासही ठाऊक नव्हते. इ. स. १८२८ मध्ये पॅरिसचा वैद्य शार्ल बियार याने नवजात अर्भकांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात हा थर म्हणजे तोंडातील स्राव बिघडून थिजल्याने होणारा परिणाम, असे प्रतिपादिले. इ. स. १८३८ मध्ये फ्रान्स्वा व्हाले याने अनाथालयातील अनुभवावरून हा रोग केवळ तोंडाचा नसून आतड्यांच्या दाहासह येणारा गंभीर सार्वदेहिक विकार असल्याचे मत मांडले.

आज मागे वळून पाहता असे दिसते की, त्या मुलांच्या मृत्यूचे कारण त्यांच्या जिभेवर शोधले जात होते, तेव्हा ते त्यांच्या पाळण्याभोवती पसरलेले होते. उपासमार, अस्वच्छ भांडी आणि अतिसार यांनी ती मुले खंगत. खंगलेल्या तोंडात कवक माजे. आणि नोंदवहीत मात्र ‘म्यूगे’ हे नाव लिहिले जाई. रोगाच्या नावाने दारिद्र्याचे नाव झाकले जावे, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

४

यानंतरची सात वर्षे या इतिहासात निर्णायक ठरली. त्यांची पार्श्वभूमी अशी. इ. स. १८३५ मध्ये इटलीतील आगोस्तिनो बासी याने रेशमाच्या किड्यांना होणारा एक रोग सूक्ष्म कवकामुळे होतो हे सिद्ध केले होते. इ. स. १८३९ मध्ये शेनलाइन या जर्मन वैद्याने डोक्यावर खपल्या धरणाऱ्या एका त्वचारोगातही कवक असल्याचे दाखविले. प्राण्याच्या व मनुष्याच्या शरीरावर वनस्पतिसदृश सूक्ष्म जीव वाढून रोग उत्पन्न करू शकतात, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. सूक्ष्मदर्शकाची भिंगेही याच सुमारास सुधारली होती.

इ. स. १८३९ मध्येच बर्नहार्ट फॉन लांगेनबेक याने टायफसने मेलेल्या एका रोग्याच्या घशात व अन्ननलिकेत पांढरा थर पाहिला आणि त्यात कवकाचे तंतू ओळखले. पुढे जर्मनीतील अग्रगण्य शस्त्रवैद्य म्हणून विख्यात झालेल्या या संशोधकाचे निरीक्षण बिनचूक होते. निष्कर्ष मात्र चुकला. हे कवक म्हणजे टायफसचेच कारण असावे, असे त्याने मानले. खरे पाहता टायफसने दुबळ्या झालेल्या देहात कवकाला संधी मिळाली होती. कार्यास कारण समजण्याची ही चूक पुढेही अनेकदा झाली.

थ्रश आणि कवक यांचा संबंध निश्चित करण्याचे श्रेय फ्रेडरिक टेओडोर बेर्ग या स्वीडिश वैद्यास दिले जाते. स्टॉकहोमच्या सार्वजनिक बालगृहात तो वैद्य होता. इ. स. १८४१ मध्ये त्याने अर्भकांच्या तोंडातील थरात कवक असल्याचे प्रसिद्ध केले आणि इ. स. १८४६ मध्ये मुलांच्या थ्रशवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. थरातील अंश निरोगी मुलांच्या तोंडात लावून त्याने रोग उत्पन्न करून दाखविला. दूध पाजण्याच्या सामाईक साधनांतून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, हेही त्याने सांगितले. शास्त्रीयदृष्ट्या हा पुरावा भक्कम होता. ज्यांना विचारणारे कोणी नव्हते अशा अनाथ मुलांवर तो मिळविला गेला, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. याच बेर्गने पुढे स्वीडनच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची धुरा वाहिली. मुलांचे मृत्यू मोजणे हे त्यांच्यावर उपचार करण्याइतकेच आवश्यक आहे, हे त्याच्या या दुसऱ्या कार्यातून प्रतीत होते.

इ. स. १८४२ मध्ये डेव्हिड ग्रुबी याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याच कवकाचे वर्णन स्वतंत्रपणे मांडले. हंगेरीत जन्मलेला आणि व्हिएन्नात शिकलेला हा संशोधक कवकजन्य रोगांच्या अभ्यासाचा एक आद्य प्रवर्तक गणला जातो. इ. स. १८४४ मध्ये एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट याने क्षयरोग्याच्या थुंकीत व फुप्फुसात तसेच कवक पाहिले.

या घटनांचा काळ लक्षात घेतला म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. रॉबर्ट कॉखचे काळपुळीवरील संशोधन इ. स. १८७६ चे आणि क्षयजंतूंचा शोध १८८२ चा. म्हणजे ज्या मानवी रोगांत सूक्ष्म सजीव रोगकारक प्रत्यक्ष दाखविला गेला, त्यांतील अगदी पहिल्या काही रोगांत थ्रशची गणना होते. जंतुवादाच्या विजयाच्या तीन-चार दशके अगोदर एका बालगृहातील जिभेवर त्याचा पूर्वप्रयोग होऊन गेला होता.

५

कारण सापडले, आता त्याला नाव हवे होते. हे काम वाटले होते त्याहून कठीण निघाले. हे कवक कधी किण्वासारख्या वाटोळ्या, अंकुरणाऱ्या पेशींच्या रूपात दिसते, तर कधी लांब तंतूंच्या रूपात. एकाच जीवाची ही दोन रूपे आहेत हे लक्षात येईपर्यंत प्रत्येक अभ्यासकाने आपल्याला दिसलेल्या रूपास अनुसरून त्याची जात ठरविली. फ्रान्सच्या शार्ल रोबँ याने इ. स. १८५३ च्या ग्रंथात त्यास ‘ओइडियम आल्बिकान्स’ म्हटले. पुढे कोणी त्यास मद्य आंबविणाऱ्या किण्वांच्या कुळात घातले. इ. स. १८९० मध्ये त्सॉप्फने ‘मोनिलिया आल्बिकान्स’ हे नाव दिले. मोनिलिया हे मूळचे फळांवर व वनस्पतींवर वाढणाऱ्या कवकांचे नाव. तेथे हे मुखकवक परकेच होते. तरीही ते नाव इतके रुजले की, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर या विकारास ‘मोनिलियासिस’ म्हणत असत.

हा गोंधळ मिटविला तो क्रिस्टिन मारी बेर्कहाउट या डच विदुषीने. इ. स. १९२३ मध्ये उत्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या आपल्या प्रबंधात तिने मुखकवकास व त्याच्या आप्तांना वनस्पतींवरील मोनिलियापासून वेगळे काढून ‘कॅन्डिडा’ ही नवी प्रजाती स्थापिली. नेदरलंड्सच्या पहिल्या महिला प्राध्यापक योहाना वेस्टरडाइक यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले होते. इ. स. १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने हे नाव कायम राखण्यास मान्यता दिली. ‘कॅन्डिडा’ म्हणजे लॅटिनमध्ये शुभ्र, आणि ‘आल्बिकान्स’ म्हणजे पांढरे होत असलेले. दोन हजार वर्षांच्या विचारानंतर शास्त्राने ठेवलेले नावही ‘शुभ्र धवल’ एवढेच ठरले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

याच काळात कवकास अवाजवी दोष देण्याचा दुसरा प्रसंग आपल्या शेजारी, सिंहलद्वीपात घडला. आल्दो कास्तेलानी हा इटालियन वैद्य विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबो येथे काम करीत होता. निरनिराळ्या शर्करांचे किण्वन कोणते कवक करते यावरून त्यांच्या जाती ओळखण्याची पद्धत त्याने वापरली, आणि ‘ट्रॉपिकालिस’ ही आजही मान्य असलेली जाती त्यानेच वर्णिली. परंतु उष्ण प्रदेशातील ‘स्प्रू’ या दीर्घकालीन अतिसाराचे कारणही हेच कवकवर्ग असावेत, असे मत त्या काळी बळावले. प्वेर्तो रिकोत बेली अ‍ॅशफर्डनेही ते हिरिरीने मांडले. या रोग्यांच्या जिभेवर व विष्ठेत कवक सापडत असे हे खरे. पण कुपोषित देहात ते सापडणारच. लांगेनबेकची चूक येथे सत्तर वर्षांनी पुन्हा झाली. पुढील अभ्यासाने हे मत मागे पडले.

६

क्षेत्राचा विचार करणारे वैद्य त्या काळातही नव्हते असे मात्र नाही. इ. स. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या आर्मां त्रूसो याने थ्रश हा बहुधा देहातील दुसऱ्या एखाद्या सार्वदेहिक विकाराचा स्थानिक आविष्कार असतो, असे शिकविले. इ. स. १८७७ मध्ये झ्यूल पारो याने पोषणाअभावी झिजत जाणाऱ्या अर्भकांच्या अवस्थेवर व्याख्याने प्रसिद्ध केली. त्या झिजेच्या ओघात तोंडातील कवक कसे प्रकट होते याचे वर्णन त्याने केले. हे दोघेही कवकाचे अस्तित्व नाकारीत नव्हते. कवक आहेच, पण ते कोठे व केव्हा वाढते हा खरा प्रश्न, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परंतु जंतुशास्त्राच्या दिग्विजयाच्या त्या काळात हा स्वर क्षीण ठरला. एक रोग, एक जंतू, हे सूत्र इतके आकर्षक होते की, निरोगी तोंडातही सापडणाऱ्या या कवकाला त्यात बसविताना होणारी ओढाताण फारशी कोणास जाणवली नाही.

उपचारांचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. टाकणखार व मध यांचे मिश्रण जिभेस लावण्याची चाल युरोपात व आपल्याकडे दोन्हीकडे होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश औषधसंहितेतही ते समाविष्ट होते. टाकणखार म्हणजे संस्कृतातील टंकण. तिबेटातून हिंदुस्थानमार्गे युरोपात जाणाऱ्या कच्च्या टाकणखाराला तेथे पडलेले ‘टिंकल’ हे नावही याच शब्दावरून आले. सौम्य क्षार म्हणून त्याचा थोडा उपयोग होई. तथापि तान्ह्या मुलांच्या पोटात तो वारंवार गेल्यास विषबाधा होऊन झटके येतात हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले, आणि एक वर्षाखालील मुलास मध देणेही एका जंतुविषाच्या धोक्यामुळे अयोग्य ठरले. हा उपाय आता सर्वथा वर्ज्य समजला जातो. इ. स. १९२० नंतर जेन्शियन व्हायोलेट हा जांभळा रंग प्रचारात आला. जांभळ्या तोंडाची मुले हे दवाखान्यातील नित्याचे दृश्य पुढे अनेक वर्षे होते.

७

क्षेत्राचा प्रश्न वैद्यकापुढे पुन्हा उभा राहिला तो मनुष्याच्याच करणीने. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन व त्यामागून आलेली प्रतिजैविके सर्रास वापरली जाऊ लागली. या औषधांनी जंतू मरत. परंतु जीवाणूंच्या ज्या भित्तिकेवर पेनिसिलिन आघात करते, ती कवकास नसतेच. तोंडातील व आतड्यांतील निरुपद्रवी जंतूंची गर्दी हटली आणि इतके दिवस त्यांच्या दाटीत दबून राहिलेले कवक मोकळ्या रानात वाढले. न्यूमोनियातून बरा होत असलेला रोगी जीभ पांढरी झाल्याची तक्रार करू लागला. बाहेरून नवे बीज आलेले नव्हते; जमीनच नांगरून मोकळी झाली होती.

या नव्या गरजेतून कवकनाशक औषधांचा शोध सुरू झाला. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राऊन या दोन संशोधिकांनी तो यशस्वी केला. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वाढवीत, ते कॅन्डिडावर परिणाम करतात का ते पाहत, आणि उपयुक्त वाटलेले नमुने टपालाने आल्बनी येथे ब्राऊन यांच्याकडे पाठवीत. ब्राऊन त्यांतील क्रियाशील द्रव्य वेगळे करीत. व्हर्जिनियातील एका गोशाळेच्या मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव मिळाला. इ. स. १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला, आणि राज्याच्या नावावरून औषधास ‘निस्टॅटिन’ हे नाव मिळाले. इ. स. १९५४ पासून ते बाजारात आले. कवकाच्या पेशीपटलातील विशिष्ट स्निग्ध द्रव्यास चिकटून ते पटल सच्छिद्र करते, आणि आतड्यांतून जवळजवळ शोषले जात नसल्याने अर्भकांतही निर्धोकपणे देता येते. या औषधापासून मिळालेले स्वामित्वधन दोघींनीही स्वतःसाठी न घेता संशोधनकार्यास दिले.

या प्रकरणात महाराष्ट्राचाही एक वाटा आहे, आणि तो विस्मरणात जाऊ नये. पुण्याजवळील पिंपरी येथे इ. स. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधनविभागात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून नवे कवकनाशक द्रव्य मिळविले आणि इ. स. १९६१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या सूक्ष्मजीवास त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे स्थलवाचक नाव दिले. औषध ‘हॅमायसिन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. तोंडातील थ्रशवर ते आपल्या देशात वापरले गेले. व्हर्जिनियाच्या गोठ्यातील माती आणि पिंपरीची माती यांनी एकाच कवकावर निस्टॅटिनच्या वर्गातील दोन औषधे पुरवावीत, हा या इतिहासातील एक समाधानाचा भाग होय.

८

औषध हाती आल्यामुळे हा विषय संपला असे वाटू लागले होते. इ. स. १९८१ ने तो समज खोटा ठरविला. त्या वर्षी ५ जून रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांना एक दुर्मीळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. आणि पाचही जणांत कॅन्डिडाचा संसर्ग आढळला होता. तो अहवाल एड्सच्या इतिहासाचे पहिले पान समजला जातो. इ. स. १९८४ मध्ये रॉबर्ट क्लाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या रोगाचा धोका असलेल्यांपैकी ज्यांच्या तोंडात कारणावाचून थ्रश दिसतो, त्यांना पुढे एड्स होण्याचा संभव फार मोठा असतो. हिपोक्रेटीसच्या परंपरेने टिपलेली गोष्ट, खंगत चाललेल्या देहाची जिभेवर उमटणारी खूण, विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा वैद्यकाच्या मध्यभागी आली.

भारतात एच. आय. व्ही.ची बाधा प्रथम इ. स. १९८६ मध्ये मद्रास येथे आढळली. पुढील दशकात या साथीची सर्वाधिक झळ पोहोचलेल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना झाली. रक्तातील प्रतिकारक पेशी मोजण्याची सोय तेव्हा मोजक्या प्रयोगशाळांत होती आणि तिचा खर्च सामान्य रोग्यास परवडणारा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. १९९० मध्ये केवळ लक्षणांवरून रोगाची पायरी ठरविण्याची जी पद्धत घालून दिली, तीत मुखातील थ्रशला तिसऱ्या पायरीचे लक्षण मानले होते. अन्ननलिकेत उतरलेला थ्रश ही चौथी, म्हणजे एड्सची, पायरी. अशा परिस्थितीत विजेरी आणि जीभ दाबण्याची पट्टी एवढ्या साधनांवर तालुक्याच्या गावचा डॉक्टरही रोगाचा पल्ला ओळखू शकत असे. मात्र त्या खुणेची दुसरी बाजूही होती. तिचा अर्थ कळूनही हाती देण्यास औषध नव्हते. इ. स. १९९६ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत प्रभावी संयुक्त औषधोपचार सुरू झाला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून, मुंबईचे जे. जे. रुग्णालय धरून, तो विनामूल्य मिळू लागला तो १ एप्रिल २००४ पासून. मधल्या आठ वर्षांत जिभेवरील थर वारंवार पुसला जात होता आणि वारंवार येत होता. क्षेत्र सुधारल्यावाचून बीज हटत नाही, याचा याहून कठोर पुरावा असू शकत नाही. हा उपचार मिळालेल्यांच्या तोंडातील थ्रश प्रतिकारशक्ती सावरताच बहुधा आपोआप ओसरतो, हा त्याच सिद्धांताचा सुखद पुरावा.

९

एकविसाव्या शतकातील संशोधनाने बीज आणि क्षेत्र यांतील जुना वाद बव्हंशी मिटविला आहे. इ. स. २००४ मध्ये या कवकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यानंतरच्या दशकात असे दिसून आले की, ‘इंटरल्यूकिन १७’ या नावाच्या संदेशवाहक प्रथिनावर आधारलेली प्रतिकारव्यवस्था मुखातील कवकास आवरून धरते. ज्यांच्यात ती जन्मतःच सदोष असते त्यांना थ्रश पुनःपुन्हा होतो. इ. स. २०१६ मध्ये या कवकाचे तंतुरूप ‘कॅन्डिडालायसिन’ नावाचे विष स्रवते आणि त्याने मुखाच्या अस्तरातील पेशी फुटतात, हे सिद्ध झाले. म्हणजे कवक केवळ निरुपद्रवी साक्षीदार नाही. त्याच्यापाशी स्वतःचे शस्त्र आहे. पण ते शस्त्र उपसण्याची वेळ क्षेत्र ठरविते. बेर्ग आणि त्रूसो दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

बीजाकडे दुर्लक्ष करूनही चालणार नाही. रक्तात उतरलेले कॅन्डिडा प्राणघातक ठरते, इ. स. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या घातक कवकांच्या सूचीत ‘आल्बिकान्स’ जातीस सर्वोच्च वर्गात स्थान दिले आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जाती वाढत आहेत, आणि अनावश्यक औषधवापर हे त्याचे एक कारण आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येईल. तान्ह्या मुलाच्या तोंडातील थ्रश हा बहुधा साधा असतो. त्याची प्रतिकारव्यवस्था अद्याप पक्व व्हावयाची असते एवढेच त्याचे कारण. तेथे औषध, स्वच्छता आणि आईच्या स्तनाग्रांची काळजी पुरेशी होते. प्रौढाच्या जिभेवर तोच थर दिसला म्हणजे मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हा येथे का वाढला? उत्तर कधी मधुमेहात सापडते, कधी रात्री न काढलेल्या कवळीत, कधी दम्याचा स्टेरॉइडयुक्त फवारा घेतल्यावर चूळ न भरण्यात, कधी प्रतिजैविकांच्या अतिरेकात, कधी एच. आय. व्ही.मध्ये. हा प्रश्न न विचारता थर पुसून टाकणे म्हणजे पॅरिसच्या अनाथालयातील नोंदवहीत ‘म्यूगे’ असे लिहून वही मिटण्यासारखेच होय. तेथे मुले कशाने मरत होती ते त्या शब्दाखाली झाकले गेले. रोगाचे नाव लिहिल्यानंतरही रोग्याकडे पाहण्याचे काम उरतेच, हे या पांढऱ्या थराने वैद्यकास पुनःपुन्हा शिकविले आहे.